ब्राँझचा घोडा आधी उलटा करून बघा

पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात विक्रीच्या आधी सगळ्या वस्तू मांडून ठेवतात. आत जायला पैसे पडत नाहीत, आणि विनंती केली की कर्मचारी वस्तू काढून हातात देतात. मी तिथे जाते ती एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच ब्राँझच्या घोड्यांसाठी.

प्राण्यांच्या शिल्पांना फ्रान्समध्ये मान मिळवून दिला तो शिल्पकार आंत्वान-लुई बारीने. पण घोड्यांमध्ये माझा खरा जीव आहे पिएर-ज्यूल मेनवर (१८१०–१८७९). त्याच्या 'लाकोलाद'मध्ये दोन अरबी घोडे आहेत, एकाची मान दुसऱ्यावर विसावलेली. मेणातला नमुना त्याने १८५२ च्या सलों प्रदर्शनात ठेवला होता. मेन आपली शिल्पं स्वतःच्याच कारखान्यात ओतवून घ्यायचा. म्हणूनच त्याच्या हयातीतल्या प्रतींमध्ये डोळ्याची पापणी, पोटावरच्या शिरा, आयाळीची बट अशी लखलखीत उठून दिसते. साच्यातून निघालेला घोडा ओबडधोबडच असतो. छिन्नी आणि कानस घेऊन त्याच्यावर काम करणारा कारागीर त्याला घोडा करतो, आणि त्याचं नाव कुठेच कोरलेलं नसतं. मेननंतर जावई ओग्युस्त केनने, आणि पुढे स्यूस या ओतशाळेने त्याच नमुन्यांवरून प्रती काढल्या. त्याही अस्सलच, पण किंमत वेगळी.

खरी अडचण नकलांची. जुन्या ब्राँझवरूनच साचा घेऊन नवी प्रत ओतली, की धातू थंड होताना आकसतो आणि प्रत शेकडा दीड-दोन टक्क्यांनी लहान भरते. त्यामुळे मी मोजपट्टी बरोबर ठेवते आणि माप संग्रहालयातल्या प्रतीच्या नोंदीशी ताडून बघते. मग शिल्प उलटं करते. तळाला नवेकोरे षटकोनी नट दिसले की शंका घ्यायची. तळाच्या ओरखड्यात पिवळा धातू दिसला तर ब्राँझ, करडा दिसला तर जस्ताचं स्वस्त ओतकाम. सही मात्र कोणीही उमटवू शकतो, तिच्यावर भिस्त ठेवू नये.

शिल्पकार इझिदोर बोनरच्या घोडेस्वार जॉकींचे लगामही तपासायचे. ते नाजूक असतात, तुटलेले किंवा नंतर बसवलेले सापडतात.

आणि हात जोडून एक सांगते: असं शिल्प घरी आलं, तर त्याला पितांबरी लावू नका! तो तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे. आम्ल आणि उष्णता देऊन तो मुद्दाम चढवलेला असतो. एकदा घासला की गेला.

विकत घ्यायचं नसलं तरी ओर्से संग्रहालय चुकवू नका. तिथून नदी ओलांडली की पिरामिद चौकात एमान्युएल फ्रेमिएची सोनेरी, अश्वारूढ जोन ऑफ आर्क आहे. १८७४ मध्ये ती बसली तेव्हा घोडा स्वारापुढे फार थोराड वाटतो अशी टीका झाली. फ्रेमिएला ते इतकं लागलं, की १८९९ मध्ये त्याने तिथे शिल्पाची सुधारलेली आवृत्ती बसवली.