एम. फार्म.चा प्रबंध: डिझोल्यूशनचे आकडे नेमके कुठे बिघडतात

फार्मास्युटिक्सच्या प्रबंधात सगळ्यात जास्त पानं खातं फॉर्म्युलेशन आणि तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त प्रश्न येतात डिझोल्यूशनवर, म्हणजे गोळीतलं औषध द्रवात किती वेगाने विरघळतं याच्या चाचणीवर. साहजिकच आहे. सस्टेन्ड रिलीजची, म्हणजे औषध पॉलिमरच्या जाळ्यात धरून हळूहळू सोडणारी, मॅट्रिक्स गोळी बारा तास औषध सोडते की चार तासांत रिकामी होते, हे शेवटी सहा भांड्यांतून काढलेल्या पाच-पाच मिलिलिटरवरच ठरतं. एफ१ ते एफ९ अशा नऊ बॅचेस, प्रत्येकीचे दहा वेळांचे नमुने आणि तक्त्यात ९२.४१ असा दोन दशांश स्थळांचा रुबाबदार आकडा. त्यातल्या पहिल्या नऊची तरी खात्री आहे का, हे आधी बघायला हवं.

सुरुवात मीडियमपासून, म्हणजे गोळी ज्या द्रवात टाकतात त्यापासून. किती लागेल याचा हिशेब आदल्या दिवशीच करून ठेवा. सहा भांडी, प्रत्येकी ९०० मिलिलिटर, म्हणजे ५.४ लिटर. दर वेळी ५ मिलिलिटर काढून तेवढंच ताजं घालायचं असेल तर दहा वेळांचे आणखी ३०० मिलिलिटर. ब्लँक (तुलनेसाठीचं औषध नसलेलं मीडियम), डायल्यूशन्स आणि सांडलवंड धरली तर सात लिटर एकदमच बनवलेलं बरं. ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरला लिटरमागे ६.८ ग्रॅम पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि साधारण ०.९ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. सात लिटरला ४७.६ आणि ६.३ ग्रॅम. पण हायड्रॉक्साइडचे दाणे वजन करता करताच हवेतली ओल ओढतात, त्यामुळे तराजूवर विसंबून चालत नाही. शेवटचा शब्द पीएच मीटरचा. मीटर ४ आणि ७ या दोन्ही बफरवर कॅलिब्रेट करा आणि पीएच जुळवून झाल्यावरच पाणी घालून अंतिम आकारमान पूर्ण करा. आम्लाचं मीडियम सोपं: ०.१ नॉर्मलसाठी लिटरला ८.५ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. अर्थात आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही.

औषध पाण्यात फारसं विरघळत नसेल तर सिंक कंडिशन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. जेवढ्या मीडियममध्ये सगळा डोस जेमतेम विरघळेल, त्याच्या किमान तिप्पट मीडियम भांड्यात हवं. समजा विद्राव्यता मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. ९०० मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम विरघळेल, म्हणजे सिंक फक्त ३० मिलिग्रॅमच्या डोसपर्यंत. गोळी १०० मिलिग्रॅमची असेल तर आलेख ९० टक्क्यांच्या खालीच आडवा होईल आणि त्याचं श्रेय उगाच पॉलिमरला दिलं जाईल.

अशा वेळी सोडियम लॉरिल सल्फेट हे सर्फॅक्टंट (साबणासारखं, औषध विरघळायला मदत करणारं द्रव्य) घालतात आणि तिथेच एक खड्डा आहे. पोटॅशियम फॉस्फेटच्या बफरमध्ये हे सर्फॅक्टंट घातलं की पोटॅशियमचं मीठ तयार होतं आणि ते थंड पाण्यात नीट विरघळत नाही. भांड्यात ३७ अंशांना सगळं स्वच्छ दिसू शकतं, पण नमुना टेस्ट ट्यूबमध्ये निवला की दुधाळ होतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर तो गढूळपणा इमानेइतबारे औषध म्हणून मोजतो. उपाय सोपा आहे: सर्फॅक्टंट वापरायचं तर बफर सोडियम फॉस्फेटचा घ्या. आणि ते हवा काढून झाल्यावर मिसळा, नाहीतर फेस आवरता आवरत नाही.

हवा काढणं, म्हणजे डीगॅसिंग, सर्रास टाळलं जातं. गार पाण्यात हवा जास्त विरघळते. तेच पाणी भांड्यात ३७ अंशांवर गेलं की ती बाहेर पडते, बारीक बुडबुडे होऊन काचेवर, पॅडलवर (ढवळणाऱ्या पात्यावर) आणि गोळीवर बसते. बास्केट, म्हणजे गोळी ठेवायची जाळीची टोपली, वापरत असाल तर जाळीची भोकंच बुजतात. गोळीचा पृष्ठभाग झाकला गेला की औषध हळू सुटतं, आणि हे सहाही भांड्यांत सारखं होत नाही, म्हणून एसडी (प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांची फाकाफाक) फुगतो. फार्माकोपियातली पद्धत अशी: मीडियम ४१ अंशांपर्यंत गरम करायचं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून व्हॅक्यूमखाली जोरात ढवळत गाळायचं आणि नंतर व्हॅक्यूमखालीच आणखी पाच मिनिटं ढवळत ठेवायचं. नुसतं सोनिकेटरमध्ये ठेवून मोकळं होण्याची सवय सगळीकडे आहे, पण तिने काम अर्धवटच होतं. भांड्याच्या आतल्या भिंतीवर मोत्यांसारखे ठिपके दिसले की समजा, पुन्हा करायला हवं.

यंत्राची मांडणी पाच मिनिटांत तपासता येते. पॅडलच्या खालच्या कडेपासून भांड्याच्या तळापर्यंत २५ मिलिमीटर, दोन मिलिमीटर इकडे-तिकडे. तापमान ३७ अंश, अधिक-उणे अर्धा, आणि ते प्रत्येक भांड्यात थर्मामीटर घालून बघायचं; बाहेर पॅनलवर दिसतं ते बाथचं. ५० आरपीएमला पॅडलखाली न विरघळणाऱ्या एक्सिपियंट्सचा (औषधाशिवायच्या घटकांचा) ढीग साचतो, त्याला कोनिंग म्हणतात, आणि ढिगातलं औषध अडकून राहतं. वेग ७५ केला आणि आलेख एकदम वर उडाला तर दोष गोळीचा नाही, त्या ढिगाचा.

आता वेळ. नमुना घेण्याच्या वेळेत दोन टक्क्यांचीच सूट असते. साठाव्या मिनिटाला ती ७२ सेकंद होते, पंधराव्या मिनिटाला १८ आणि पाचव्या मिनिटाला फक्त सहा सेकंद. एका हाताने सहा भांड्यांतून सहा सेकंदांत नमुने काढणं कुणालाच जमणार नाही. म्हणून गोळ्या एकदम टाकायच्या नाहीत. पहिल्या भांड्यात शून्य मिनिटाला, दुसऱ्यात एक मिनिटाने, तिसऱ्यात दोन, असं पुढे. यंत्रात पॅडल वेगवेगळे सुरू करायची सोय नसेल तर गोळी फिरत्या पॅडलमध्येच टाकावी लागते, आणि तसं केल्याचं पद्धतीत लिहावं. नमुना मीडियमचा पृष्ठभाग आणि पॅडलची वरची कड यांच्या बरोबर मधून, भिंतीपासून किमान एक सेंटिमीटर लांबून घ्यायचा. परत घालायचं मीडियमही ३७ अंशांचंच हवं.

सिरिंज फिल्टरवर आंधळा विश्वास नको. काही औषधं नायलॉनला चिकटतात. माहीत असलेल्या संहतीचं स्टँडर्ड द्रावण एकदा न गाळता आणि एकदा गाळून वाचा. गाळलेलं ९८ ते १०२ टक्के आलं तर फिल्टर ठीक. पहिले दोन-तीन मिलिलिटर फेकले की बहुतेक वेळा फरक मिटतो. नाही मिटला तर फिल्टर बदला. आणखी एक चाचणी प्रबंधात क्वचितच दिसते, ती म्हणजे औषध नसलेल्या प्लासिबो गोळीचं डिझोल्यूशन. त्याच तरंगलांबीला प्लासिबोचं अॅब्झॉर्बन्स (प्रकाश शोषला जाण्याचं माप, ज्यावरून औषध मोजतात) किती येतं हे माहीत नसेल तर १०७ टक्के रिलीज कुठून आला, याचं उत्तर सापडत नाही.

या १०७ टक्क्यांची दुसरी कारणंही आहेत. बारा तासांत झाकणाच्या उघड्या भोकांतून पाणी उडून जातं. ९०० चे ८८० झाले तर संहती सव्वादोन टक्क्यांनी वाढते आणि हिशेब मात्र ९०० वरच चालू राहतो. प्रयोग संपल्यावर एका भांड्यातलं मीडियम मोजपात्रात ओतून बघा, लगेच कळेल. किंवा गोळीतच औषध लेबलपेक्षा जास्त असतं. त्या बॅचचा असे (assay, म्हणजे गोळीतल्या औषधाची प्रत्यक्ष मोजणी) १०४ टक्के असेल तर डिझोल्यूशन १०४ वर थांबलं यात नवल काय?

हिशेबाचं एक उदाहरण बघू. गोळीत १०० मिलिग्रॅम औषध. दहावा नमुना, १ मिलिलिटरचे १० केले, अॅब्झॉर्बन्स ०.४१२. कॅलिब्रेशन रेषेचा उतार ०.०४१२, इंटरसेप्ट शून्य धरू. संहती आली मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम, डायल्यूशनचा दहाचा गुणक लावून १००. गुणिले ९०० मिलिलिटर म्हणजे ९० मिलिग्रॅम. पण आधीच्या नऊ नमुन्यांबरोबर औषधही बाहेर गेलंय. त्या नऊ संहतींची बेरीज समजा ४८० आली, तर ४८० गुणिले ५ म्हणजे २.४ मिलिग्रॅम. एकूण ९२.४ टक्के. ही दुरुस्ती ताजं मीडियम परत घातलं असेल तेव्हाची. परत घातलं नसेल तर भांड्यातलं आकारमान दर वेळी पाचने कमी होत जातं आणि ९०० च्या जागी ८९५, ८९० असं धरावं लागतं. एक्सेलची जुनी शीट मित्राकडून घेतली की नेमका इथे घोळ होतो: प्रयोग एका रीतीने केलेला आणि सूत्र दुसऱ्या रीतीचं.

मग येतात कायनेटिक मॉडेल्स, म्हणजे औषध वेळेनुसार कसं सुटतं याची समीकरणं. झीरो ऑर्डर, फर्स्ट ऑर्डर, हिगुची, कोर्समेयर-पेपास. ज्याचा आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंशी किती जुळते त्याचं माप) मोठा तो जिंकला, अशी रीत पडून गेली आहे. हिगुचीचं १९६१ चं समीकरण मलमाच्या थरातून सुटणाऱ्या औषधासाठी होतं आणि त्यात आधारद्रव्य फुगत नाही असं गृहीत आहे. एचपीएमसी के१००एम या पॉलिमरची गोळी बारा तासांत फुगून जेलीचा गोळा होते. रेषा जुळली तरी ती जुळणं पुरावा नव्हे, आणि परीक्षकाने हे विचारलं तर उत्तर तयार हवं. कोर्समेयर-पेपासला तर स्पष्ट अट आहे: रिलीजच्या पहिल्या ६० टक्क्यांपर्यंतचेच बिंदू घ्यायचे. बारा तासांचे दहाही बिंदू घालून काढलेला एन (समीकरणातला घातांक, ज्यावरून औषध कसं सुटतं ते ठरवतात) निरर्थक असतो. आणि गोळी दंडगोल आहे, तेव्हा फिकियन डिफ्यूजनची (औषध नुसतं झिरपून बाहेर येण्याची) सीमा ०.४५ आणि केस-२ ची (पॉलिमर फुगल्यामुळे सुटण्याची) ०.८९. पुष्कळ प्रबंधांत पातळ फिल्मसाठीचे ०.५ आणि १ हे आकडे गोळीला लावलेले आढळतात. ६० टक्क्यांच्या आत चार-पाच बिंदू मिळावेत म्हणून नमुन्यांच्या वेळा आधीच तशा ठरवा. नंतर पश्चात्ताप करून बिंदू वाढत नाहीत.

बाजारातल्या गोळीशी तुलना करायला एफ-२ (दोन आलेखांचं साम्य सांगणारा आकडा; एफ२ ही बॅच नव्हे) वापरतात. ५० किंवा जास्त आला की दोन आलेख सारखे. दर बिंदूला दहा टक्क्यांचा फरक असेल तर एफ-२ बरोबर ५० च्या काठावर येतो, पाच टक्के असेल तर ६५ च्या आसपास. अटी मात्र वाचल्याच जात नाहीत: दोन्ही बाजूंच्या १२-१२ गोळ्या, किमान तीन बिंदू, आणि ८५ टक्के ओलांडल्यानंतरचा फक्त एक बिंदू. ही शेवटची अट का, ते करून बघा. चार बिंदूंना प्रत्येकी १२ टक्क्यांचा फरक घ्या. एफ-२ येतो ४६, म्हणजे नापास. आता दोन्ही आलेख सपाट झाल्यानंतरचे, जेमतेम एक टक्का फरकाचे चार बिंदू त्यात मिसळा. तोच एफ-२ होतो ५३. गोळी तीच, आकडे तेच, नुसतं शेपूट लांबवून पास!

सहा भांड्यांतले आकडे एकमेकांशी जुळतच नसतील तर यंत्र सोडून गोळीकडे वळा. संशयित बहुधा मॅग्नेशियम स्टीअरेट. ३०० मिलिग्रॅमच्या ५० गोळ्या म्हणजे १५ ग्रॅम पावडर, एक टक्का म्हणजे १५० मिलिग्रॅम स्टीअरेट. ते खलबत्त्यात इतर पावडरींबरोबर घोटलं की त्याचा पातळ मेणचट थर प्रत्येक दाण्यावर चढतो. पाणी आत शिरायला वेळ लागतो, शिवाय दाणे एकमेकांना नीट धरत नाहीत, त्यामुळे कडकपणा घटतो. मग हार्डनेस वाढवायला दाब वाढवायचा आणि कॅपिंग (गोळीचा वरचा पापुद्रा सुटणं) ओढवून घ्यायचं! स्टीअरेट ६० नंबरच्या चाळणीतून चाळून, सगळ्यात शेवटी, प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन मिनिटं हलकेच उलटसुलट करून मिसळा. घोटायचं नाही. किती मिनिटं मिसळलं ते वहीत लिहा आणि नऊही बॅचना तेवढीच मिनिटं द्या; नाहीतर फॅक्टोरियल डिझाइनमध्ये (घटकांची प्रमाणं ठरावीक रीतीने बदलून बॅचेस करण्याच्या आखणीत) पॉलिमरचा परिणाम म्हणून जे दिसतं ते मनगटाचं असतं.

राहिला बॅचचा आकार. ५० गोळ्या ट्रायलला पुरतात, निवडलेल्या बॅचला नाही. फ्रायबिलिटीला (गोळ्या घासून किती झिजतात त्या चाचणीला) ६५० मिलिग्रॅमपर्यंतच्या गोळ्या एकूण साडेसहा ग्रॅमच्या जवळपास घ्याव्या लागतात, म्हणजे ३०० मिलिग्रॅमच्या २२. असेला २०, डिझोल्यूशनला सहा आणि बाजारातल्या गोळीशी तुलनेला १२. स्टॅबिलिटीला (टिकाऊपणाच्या चाचणीला) ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेवर ०, ३ आणि ६ महिन्यांना प्रत्येक वेळी डिझोल्यूशनच्या सहा, असेच्या २०, कडकपणाच्या सहा, वर पुन्हा करावं लागलं तर दहा-बारा. तिन्ही वेळांच्या मिळून सव्वाशे-दीडशे. सगळं धरून निवडलेली बॅच किमान अडीचशे गोळ्यांची करा, एकाच दिवशी, एकाच ब्लेंडमधून. सहाव्या महिन्याला गोळ्या संपल्या म्हणून नवी बॅच पाडली तर त्या बॅचचं वय त्या दिवशी शून्य असतं.