मास्तरांचा दाभण

यंदा पहिल्यांदाच तात्यांशिवाय वारी. साताऱ्यातनं एसटीनं वाठारमार्गे लोणंदला उतरलो, दिंडीचा तंबू शोधून पिशवी टेकवली आणि खरं सांगतो, तिथनंच माघारी फिरावं वाटलं. तात्या म्हणजे बाबांचे एसटीतले जोडीदार, दोघंही कंडक्टर, म्हणून वारीतपण सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. 2004 ला बाबा आजारी होते तेव्हा माझी डिप्लोमाची फी ह्या माणसानं भरली आणि बाबांना वर्षभर पत्ता लागू दिला नाही. दिंडीची भिशी, म्हणजे वाटेतल्या जेवणाखाण्याची वर्गणी, पण दर वर्षी दोघांची भरायचे, दुसरा कोण ते ऐनवेळी ठरायचं, ज्याच्याकडं पैसे नसतील तो.

आणि अभिमान कसला, तर हैबतबाबा आरफळचे, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातले, त्यांनी ज्ञानेश्वर माऊलींचा हा पालखी सोहळा बसवला! हे प्रत्येक नव्या वारकऱ्याला ऐकावंच लागायचं.

तरडगावच्या अलीकडं चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण लागलं, म्हणजे वारकऱ्यांच्या दोन रांगांमधनं माऊलींचा घोडा पळायला लागला, की आम्ही सगळे पुढं घुसायचो, आणि हे आपले झाडाखाली बसून कुणाच्यातरी चपलेचा अंगठा शिवतायत. जुनी कंडक्टरची कातडी बॅग, तिच्यात दाभण, मेणाचा दोरा, चामड्याचे तुकडे. मी एकदा वैतागलो तर म्हणाले, "घोडा फुडल्या सालीबी पळतोय की, हिला फलटण गाठायचंय."

ती बॅग काकींनी यंदा माझ्या गळ्यात अडकवली. मला शिवता कुठं येतंय पण नाही कसं म्हणणार.

लिंबाखाली परभणीकडची एक म्हातारी बॅग बघून थांबली. "मास्तर कुठंत?" म्हटलं, कार्तिकात गेले. ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही, टाळांच्या आवाजात उभी राहिली नुसती, मग चप्पल काढून माझ्यापुढं ठेवली, "मग तू शिव माऊली."

शिवली. दोनदा बोटात दाभण घुसला, रिंगण गेलं ते गेलंच. मग तिच्यासोबतच चाललो तर तरडगाव यायच्या आत टाका उसवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ती मात्र पोटभर हसली, दोन्ही चपला पिशवीत टाकल्या आणि अनवाणीच निघाली, "मास्तरांचा टाका न्हाई ह्यो, पुढच्या साली शिकून ये."