तुम्ही विचारलंत म्हणून: अंगण असताना बोअर का मारलात?

आमचं घर जमिनीतली ऊब ओढणाऱ्या पंपावर तापतं, आणि ती ऊब खालच्या खडकातून घ्यायला आम्ही बोअर मारला; पाण्यासाठी नव्हे. स्वीडनमधल्या उप्साला परिसरात घर घेतलेल्या मराठी माणसाचा फोन आला की गाडी शेवटी याच प्रश्नावर येते: "एवढं अंगण आहे, मीटरभर खणून आडवे पाइप टाकले असते तर स्वस्तात झालं असतं. बोअर कशाला मारलात?" आता एकदाच नीट सांगते.

आडव्या पद्धतीत काहीशे मीटर नळी पुरावी लागते आणि दोन ओळींत मीटर-दीड मीटर अंतर ठेवावं लागतं. म्हणजे अख्खं अंगण उकरायचं. आमच्याकडे आधीच्या मालकांनी लावलेली सफरचंदाची जुनी झाडं आहेत. त्यांची मुळं तोडायला मी तयार नव्हते, आजही नाही. शिवाय पंप हिवाळाभर जमिनीतली ऊब ओढतो, त्यामुळे तिथलं गवतही उशिरा हिरवं होतं. महिनोन्‌महिने हिरव्याची वाट पाहिलेल्या माणसाला हे कारण किरकोळ वाटत नाही. नळी तळ्याच्या तळाशीही टाकता येते, पण तळं जवळ नाही. बाहेरच्या हवेतून ऊब घेणारा पंप स्वस्त, पण उणे 15 मध्ये, नेमकी गरज असते तेव्हाच, त्याचा दम कमी होतो. उरला बोअर.

स्वीडनच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याकडे जुन्या बोअरांच्या नोंदी असतात. त्या पाहूनच ठरवलं होतं: आसपास 10 मीटरच्या आत खडक लागलेला. कोटेशनमध्ये केसिंगचे, म्हणजे खडक लागेपर्यंत मातीत घालायच्या लोखंडी पाइपचे, पहिले 6 मीटर धरलेले, पुढचे पैसे मीटरवर. गावाकडे हाच हिशेब फुटावर चालतो, त्यामुळे तो परका वाटला नाही. 10 मीटर झाले, खडक नाही. 20 झाले. राखाडी चिकणमातीचा गाळ कंटेनरमध्ये पडत राहिला, एकेक पाइप वेल्ड होऊन खाली जात राहिला. नवरा काही बोलत नव्हता, पण त्याची बेरीज चाललेली मला दिसत होती. ड्रिलरने मशीन थांबवून विचारलं, पुढे जायचं की भोक बुजवायचं? बुजवलं असतं तरी तोवरचे पैसे द्यायचेच होते. मी म्हटलं, चालू ठेवा. 30 च्या पुढे कुठेतरी खडखडाट सुरू झाला आणि चिखलाऐवजी दगडाची भुकटी वर आली. मी पायरीवर बसून रडले. पैशांसाठीच रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तुमच्यातले जाणकार पुढे काय म्हणतात तेही ठाऊक आहे. ओली चिकणमाती आडव्या पाइपांना उत्तम, कारण तिच्यातलं पाणी गोठताना जी उष्णता सोडतं ती नळीला मिळते. खरं आहे. ज्या मातीने आमचे पैसे खाल्ले तीच त्या पद्धतीत कामाला आली असती, आणि हे मला टोचतं. बोअरच्या आधी मी तावातावाने सांगायचे, की वर हिमवर्षाव असो की ऊन, खाली खडक वर्षभर 6-7 अंशांवरच असतो, तो दगा देत नाही. बोअरआधीच्या त्या बाईला, म्हणजे मलाच, मी आता विचारते, आणि खडकापर्यंत पोहोचायचं काय? ती म्हणते, पंप बदलावा लागेल, बोअर आणखी कित्येक वर्षं तसाच राहील. तेही खोटं नाही.

तेव्हा माझ्याकडून होय-नाही मागू नका. अंगण मोकळं आणि माती ओली असेल तर आडवे पाइप टाका, मी अडवणार नाही. शेजाऱ्यांचा बोअर 20 मीटरच्या आत येत असेल तर नगरपालिकेकडे कागद देण्याआधी त्यांच्याशी बोला, कारण दोघं एकाच खडकाची ऊब ओढणार. आणि बोअरच मारणार असाल तर केसिंगचा मीटरमागचा दर सहीआधी लिहून घ्या, निदान 30-40 मीटरचे पैसे बाजूला काढा आणि मगच मशीन बोलवा.