'द मूनस्टोन'चे सहवाचन : मिस क्लॅकच्या कथनापर्यंत

विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' ही चोरीला गेलेल्या हिऱ्याची रहस्यकथा १८६८ साली चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. आमचा ऑनलाइन वाचनगटही ती तशीच वाचत आहे : आठवडाभरात ठरलेली प्रकरणे आणि रविवारी रात्री जेवणे उरकल्यावर चर्चा. लातूर, परभणी, नांदेड, उदगीर अशी मंडळी विखुरलेली असली, तरी पुस्तक प्रताधिकारमुक्त असल्याने प्रत सर्वांना सहज मिळाली. जुन्या इंग्रजीत अडखळणाऱ्यांसाठी लातूरच्या निवृत्त शिक्षिका प्रत्येक भागाचा मराठी गोषवारा लिहून पाठवतात. नेमलेल्या प्रकरणांपुढे कोणी वाचायचे नाही, हा नियम मात्र सर्वजण कटाक्षाने पाळतात.

हा हिरा भारतातून कसा गेला हे सांगणाऱ्या प्रास्ताविकातील १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीवर आम्ही थोडा वेळच थांबलो. त्या स्वारीत इंग्रजांच्या बाजूने निजामाची फौज होती आणि मराठवाडा पुढे त्याच निजामाच्या राज्यात राहिला, त्यामुळे हा इतिहास आपल्याला तसा परका नाही.

खरी रंगत आली ती हिऱ्याची तरुण मालकीण रेचल हिच्या खोलीच्या दारावरील डागापाशी; हिरा याच खोलीतून रात्री नाहीसा झालेला असतो. दाराचे रंगकाम दुपारी तीन वाजता संपले होते आणि तो रंग वाळायला बारा तास लागत. मध्यरात्री रेचलची दासी पेनेलोपी हिने पाहिले तेव्हा रंग शाबूत होता, म्हणजे तो पुसटला गेला तो बारा ते तीन या वेळातच, असे तपासाला आलेला पोलीस अधिकारी सार्जंट कफ केवळ चौकशीतून सिद्ध करतो. मग तो तीन प्रश्न मांडतो : घरात रंगाचा डाग पडलेले वस्त्र आहे का, ते कोणाचे आहे, आणि ती व्यक्ती त्या वेळी तिथे का होती? उदगीरच्या चित्रकला शिक्षकांनी तैलरंग वरून सुकलेला दिसला तरी आतून ओला कसा राहतो आणि पावसाळी हवेत किती रेंगाळतो, हे समजावून सांगितले, तेव्हा त्या बारा तासांच्या हिशेबाकडे सर्वजण नव्याने पाहू लागले. माझ्या मते, रहस्यकथेत पुरावा वाचकासमोर इतका उघडा ठेवणे हीच लेखकाची सर्वांत मोठी हिंमत आहे.

प्रत्येक साक्षीदाराने स्वतः पाहिले-अनुभवले तेवढेच सांगायचे, अशी या कादंबरीची मांडणी आहे. नांदेडच्या वकीलबाई तिच्यावर विशेष खूश आहेत, कारण ऐकीव पुरावा आणि प्रत्यक्ष साक्ष यांतला फरक इथे कथानकाचाच भाग होतो. वृद्ध कारभारी बेटरिज मायाळू आणि पाल्हाळिक आहे, तर धर्मपुस्तिका वाटत फिरणारी मिस क्लॅक स्वतःच्या पुण्याईचा तोरा मिरवत इतरांना दोष देते. तिचे शब्द कितपत ग्राह्य धरावेत, यावर आमच्यात दीर्घ वाद झाला. तिचा राग आंधळा असला तरी नजर तीक्ष्ण आहे, या मतावर मी ठाम आहे.

पुढील रविवारी वकील ब्रफ यांचे कथन घ्यायचे आहे. तोपर्यंत प्रत्येकाने आपला संशयित एका ओळीत लिहून वकीलबाईंकडे पाठवावा, असे ठरले आहे. त्या सर्व ओळी कादंबरी संपल्यावरच एकत्र वाचल्या जातील.