खुफूची रिकामी शवपेटी आणि फुस्तातमधले राजे

ज्या प्रवास कंपनीकडून आम्ही इजिप्तची सहल घेतली, तिच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवशी ‘खुफूच्या पिरॅमिडमध्ये राजाचे दर्शन’ आणि दुसऱ्या दिवशी ‘तहरीर चौकातील संग्रहालयात शाही ममी’ असे स्पष्ट छापलेले होते. दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या आणि त्याची झळ आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला बसली. शाही ममी कैरोतल्या तहरीर चौकातून ३ एप्रिल २०२१ रोजीच मिरवणुकीने त्याच शहराच्या फुस्तात भागातील राष्ट्रीय इजिप्शियन संस्कृती संग्रहालयात गेलेल्या आहेत, आणि खुफूच्या, म्हणजे गिझाच्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडमध्ये राजाचे शव कधी सापडलेलेच नाही.

लेक वर्षभर या विषयाने झपाटलेली होती. मिठात पापडखार मिसळून तिने त्यात सफरचंदाची फोड पुरून ठेवली होती, कारण इजिप्तचे लोक शव सुकवण्यासाठी जो नेट्रॉन वापरत, तोही सोड्याचा खार आणि मीठ यांचेच नैसर्गिक मिश्रण असतो. ‘म्हणजे आजीच्या सुक्या बोंबलासारखंच ना?’ असे तिने विचारले होते, आणि ते बरोबरच होते.

अशा मुलाला पिरॅमिडच्या आत नेऊ नका, हे माझे ठाम मत आहे. आतला चढता मार्ग सुमारे ३९ मीटर लांब आणि जेमतेम १.२ मीटर उंच असून त्याचा चढ २६ अंशांचा आहे, त्यामुळे मोठ्या माणसाला पायऱ्यांसाठी ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांवरून कमरेत वाकूनच चढावे लागते. जाणारे आणि येणारे त्याच अरुंद वाटेने एकमेकांना घासत जातात, हवा कोंदट असते, आणि समोरच्याचा बूट तोंडाशी येतो. मुलगी न वाकता चालत होती, पण मध्येच गर्दी तुंबली तेव्हा ती रडकुंडीला आली आणि मागे फिरायलाही जागा नव्हती. वरचे उंच दालन भव्य आहे यात शंका नाही. मात्र त्यानंतरच्या ग्रॅनाइटच्या खोलीत झाकण नसलेली रिकामी शवपेटी पाहून तिने ‘बाबा, राजा कुठे आहे?’ असे विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. यासाठी वेगळे, महागडे तिकीट आहे. बाहेर उंटवाल्याने बसण्याचे पैसे ठरवून घेतले आणि उतरवण्याचे निराळे मागितले, तेही मुलगी वर बसलेली असताना. उंटावर बसवूच नका.

फुस्तातला मात्र पहिल्याच सकाळी, मूल ताजेतवाने असताना जा. ममींचे दालन तळघरात, थडग्यासारखे अंधारे आहे, राजे कालक्रमाने मांडलेले आहेत आणि छायाचित्रणाला बंदी आहे, म्हणून वही-पेन्सिल सोबत ठेवा. सुरुवातीलाच सेकेनेन्रे भेटतो. हिक्सोस या परक्या राज्यकर्त्यांशी झगडलेल्या या राजाच्या कवटीवर कुऱ्हाडीच्या घावांची भोके स्पष्ट दिसतात. लेक तिथे बराच वेळ उभी राहून घाव मोजत होती आणि एकेका घावाची जागा वहीत काढत होती. सीटी स्कॅनच्या आधारे २०२१ साली संशोधकांनी असे मांडले, की त्याचे हात बांधलेले असताना त्याला मारले असावे, हे मी सांगितल्यावर ती परत काचेजवळ गेली आणि त्याची वाकडी बोटे पाहू लागली. दुसऱ्या रामसेसचे पिवळसर-तांबूस केसही जवळून दिसतात. या दालनासाठी दोन तास राखा. तहरीरचे संग्रहालय वेळ उरला तरच पाहा.

नाईलवरची बोट आणि लक्सर सुखाचे गेले. नाईलकाठच्या कोम ओम्बो मंदिराजवळच्या मगरींच्या ममी चुकवू नका. लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात तुतनखामुन या तरुण राजाच्या कबरीचे तिकीट वेगळे आहे आणि आमचा वाटाड्या ‘आत काही नाही’ म्हणून ते टाळत होता, तरी ते घ्याच. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरने १९२२ साली शोधलेल्या त्या छोट्याशा कबरीत राजा आजही काचेखाली आहे. अंगावर कापड, आणि बाहेर फक्त काळवंडलेला चेहरा व पावले. ‘हा आपल्याच घरी आहे’, असे लेक हळूच म्हणाली, आणि रखवालदार बोलावीपर्यंत तिथून हलली नाही.