वॅगनआरला घरच्या घरी फिल्म: चारही दारं झाली, मागची काच बाकी

चारही दारांच्या काचांवर ऊन अडवणारी सन फिल्म बसली. फिल्मखालचं पाणी पूर्ण सुकायला अजून वेळ आहे, म्हणून काचा वर चढवून बटणांवर मास्किंग टेप चिकटवली आहे. घरातल्या कुणी सवयीने काच खाली घेतली, तर ओली कड बीडिंगमध्ये, म्हणजे काचेभोवतीच्या रबरी पट्टीत, अडकून सोलली जाते. मागच्या काचेवर अजून फिल्म नाही, तिचं शेवटी सांगतो.

आधी फिल्मची निवड, कारण इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 100 प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के उजेड आरपार यायला हवा. 27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने अभिषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल देऊन वरून चिकटवायच्या काळ्या फिल्मवर सरसकट बंदी घातली. पुढे नियम बदलला. 1 एप्रिल 2021 पासून त्यात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ आलं आणि आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही त्यात धरली गेली. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं, की टक्केवारी पाळली असेल तर फिल्म लावणाऱ्यावर कारवाई करता येणार नाही. निकाल केरळचा आहे. नागपुरात चौकातला पोलिस गाडी बाजूला घ्यायला सांगू शकतो, हे धरूनच चालावं. मी फिल्मचं बिल आणि तिचा तपशिलाचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काच खरोखर नियमात बसली पाहिजे.

तिथेच हिशेब लागतो. कंपनीतून आलेली काच स्वतःच थोडा उजेड अडवते. ओळखीच्या काचवाल्याकडच्या मीटरवर माझ्या दाराच्या काचा 78 टक्के दाखवत होत्या. फिल्म 70 ची, म्हणजे 70 टक्के उजेड आत सोडणारी, घेतली. हे दोन आकडे वजा करायचे नसतात, त्यांचा गुणाकार करायचा: 0.78 गुणिले 0.70, म्हणजे साधारण 55 टक्के. 60 ची फिल्म घेतली असती तर 47 वर आलो असतो, म्हणजे नियमाबाहेर. पुढच्या काचेचं मोजमाप 76 आलं. तिच्यावर 90 ची फिल्म लावली तरी आकडा 68 वर उतरतो, म्हणून ती काच मी सोडून दिली. दुकानदार फक्त फिल्मचा आकडा सांगतो, त्यामुळे मोजल्याशिवाय रोल घेऊ नका.

आता एवढी फिकट फिल्म लावून फायदा काय? माझ्या मते सगळा फायदा इथेच आहे. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली जवळजवळ निम्मी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते, ती डोळ्यांना दिसत नाही. स्वस्त रंगीत फिल्म उजेड कापते, काच काळी दिसते, पण ही अदृश्य उष्णता बरीचशी आत येऊ देते. सिरॅमिक फिल्म दिसायला जवळपास पारदर्शक असूनही इन्फ्रारेडचा मोठा भाग अडवते. म्हणून कागदावर टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती टक्के रोखली जाते, तो आकडा बघा. धातूचा थर असलेली फिल्मही उष्णता चांगली परतवते, पण ती जीपीएस आणि मोबाइलच्या सिग्नलला अडथळा करू शकते, म्हणून मी घेतली नाही. (अशा फिल्म बनवणारा मोठा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.)

सराव भंगारातून आणलेल्या दाराच्या काचेवर केला. गाडीला हात लावायच्या आधी तुम्हीही तेच करा.

सगळं काम पाण्यावर चालतं. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके, की फिल्मखाली पांढरे ठिपके राहतात. म्हणून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरलं. लिटरभर पाण्यात बेबी शॅम्पूचे मोजके थेंब टाकायचे. शॅम्पू कमी पडला तर फिल्म टेकताक्षणी धरते आणि सरकवता येत नाही. जास्त झाला तर ती धरतच नाही, कडा पुन्हा पुन्हा उचलल्या जातात. योग्य प्रमाणात फिल्म बोटाने ढकलली की सरकते, आणि स्क्वीजीचा (पाणी ओढून काढायच्या रबरी पट्टीचा) एक हात फिरला की जागेवर थांबते. हा अंदाज हातालाच येतो.

दुसरा शत्रू धूळ. दाराचा पॅड उघडून बीडिंग मोकळी केली, काच थोडी खाली घेऊन वरची कड पुसली, मग सगळी काच भरपूर पाणी मारत नव्या ब्लेडने खरवडली. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या काचेवरूनही ब्लेड करकर आवाज करत जातं. तो आवाज थांबेपर्यंत खरवडत राहायचं. पंखा बंद, अंगात लोकरीचं काही नाही, आणि पार्किंगच्या फरशीवर आधी पाणी शिंपडलेलं. पावसाची सर येऊन गेल्यावरची सकाळ यासाठी सर्वात चांगली, कारण हवेतली धूळ बसलेली असते. आमच्याकडच्या मे महिन्यात हे काम हातात घेण्यात अर्थ नाही, काचेवरचं पाणी फिल्म बसवण्याआधीच उडून जातं.

फिल्म काचेच्या आतून बसते, कापणी मात्र बाहेरच्या बाजूला होते. बाहेरून पाणी मारायचं, फिल्म लायनर (डिंकावरचा सोलून काढायचा पारदर्शक थर) आपल्याकडे येईल अशी टेकवायची आणि कडेने कापायची. लायनर कुठल्या बाजूला आहे ते कळत नसेल तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना सेलोटेप लावून ओढा, दोन थर वेगळे होतात. वरच्या कडेला दोनेक मिलिमीटर जागा सोडायची. अगदी कडेपर्यंत नेलेली फिल्म काच वर-खाली होताना घासून सुटते. खाली मात्र बोटभर जास्त ठेवायची, म्हणजे ती बीडिंगच्या आत जाते. दाराच्या काचांना थोडा बाक असतोच, त्यामुळे कडेला उठलेल्या सुरकुत्या हीट गनने, म्हणजे गरम हवा फेकणाऱ्या यंत्राने, बाहेरच आकसून घेतल्या. गन सतत हलती ठेवायची.

मग लायनर सोलायचा. इथे दुसरा माणूस हवाच. माझा पुतण्या लायनर मागे ओढत होता आणि मी उघड्या पडणाऱ्या डिंकावर स्प्रे मारत होतो. कोरड्या डिंकाला घडी पडली तर तो तुकडा गेलाच समजा. आत नेऊन आधी वरची कड जुळवली, मधून बाहेरच्या दिशेने पाणी काढलं, मग बीडिंग प्लॅस्टिकच्या कार्डाने बाजूला धरून खालचा भाग आत सरकवला. शेवटी कार्डाला टिश्यू गुंडाळून चारही कडा कोरड्या केल्या. फिल्म सुटायला लागते ती कडेकडूनच.

पहिल्या दारापेक्षा चौथं दार कितीतरी स्वच्छ आलंय. ड्रायव्हरचं दार मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण रोज नजर त्याच काचेवर जाते. काही ठिकाणी दुधी ढग आणि पाण्याचे चपटे फुगे दिसतात, ते उन्हात सुकत जातील. त्यांना सुईने टोचू नका. मीटरवर चारही काचा 54 ते 55 दाखवतात. फिल्म पक्की झाल्यावरही अमोनिया असलेलं ग्लास क्लीनर तिच्यावर मारू नका, मऊ कापड आणि साबणाचं पाणी पुरतं.

आता मागची काच. तिचा बाक दोन्ही दिशांनी आहे, शिवाय आतून डीफॉगरच्या, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या, तारा. त्या तारांवर ब्लेड चालवायचं नाही, एक तार तुटली तरी तेवढा पट्टा बंद पडतो. शॅम्पूचं पाणी आणि मऊ पॅड, एवढ्यावरच सफाई करणार. फिल्म रोलच्या लांबीच्या दिशेने चांगली आकसते, रुंदीच्या दिशेने जवळजवळ नाहीच, म्हणून रोलची लांबी काचेवर आडवी येईल असा तुकडा कापायचा आणि उठलेल्या सुरकुत्या वरच्या-खालच्या कडेला नेऊन आकसायच्या. इथे हिशेबही वेगळा, कारण मर्यादा 70 ची आहे. काच मोजून घेईन, 90 ची फिल्म लावून आकडा 70 च्या वर राहत असेल तरच तिला हात लावेन. भंगारवाल्याला तशीच एक मागची काच बघून ठेवायला सांगितलंय, ती मिळाली की हीट गनचा सराव सुरू.