पाणी चढते, बांध चढवावा लागतो

आठवीत असताना इंग्रजीचा एक तास आमच्या वर्गात झालाच नाही. सर आम्हांला घेऊन गोव्यातल्या आमच्या माशेलहून खाली कुंभारजुव्याच्या खाडीकडे निघाले आणि खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधावर उभे राहिले. सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चार आठवणी लिहा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मला हाच तास आठवला.

मांडवी आणि जुवारी यांना जोडणारी ही खाडी दोन्ही नद्यांची भरती अंगावर घेते. भरती लागली होती. बाहेरच्या पाण्याचा दाब आला तशी मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, लाकडी दारे हळूहळू आपोआप मिटली. ओहोटीला आतले पाणी त्यांनाच ढकलून बाहेर पडते. खारे पाणी कोरगुटाच्या भातशेतात शिरू नये म्हणून आपल्या वाडवडिलांनी केलेली ही सोय.

सरांनी विचारले, "पाणी चढतंय. कोण चढवतो?"

"कोणी नाही सर, ते आपसूक चढतं."

"आणि बांध?"

बांध कुळांनी चढवलेला. चिखल, पेंढा, चिरे. दर वर्षी पावसाआधी त्याची डागडुजी व्हायची, हे आमच्यातल्या निम्म्या मुलांनी घरी पाहिलेले होते.

"मग लिहून घ्या. द टाइड राइजेस. द फार्मर्स रेज द बंड. जे आपलं आपण वर येतं ते राइज. ज्याला कोणीतरी वर आणतं ते रेज."

तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "सर, भरती चंद्रामुळे येते ना? मग चंद्रच पाणी चढवतो."

सरांचा चेहरा किती खुलला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. "बरोबर! द मून रेजेस द टाइड. हेही वाक्य अचूक. करणाऱ्याचं नाव घ्यायचं की नाही, हे बोलणाऱ्यानं ठरवायचं. पण घेतलंस तर शब्द बदलावा लागेल."

परतीच्या वाटेवर त्यांनी मराठी क्रियापदे म्हणायला लावली. चढणे, चढवणे. उठणे, उठवणे. वाढणे, वाढवणे. "हे व्याकरण तुम्हांला आईनं कधीच शिकवलंय. आपण मधे एक 'व' घालतो, इंग्रजीत शब्दच वेगळा येतो, एवढंच." राइज हा जुन्या इंग्रजीतला घरचा शब्द आणि रेज स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या बोलीतला, दोघांचे मूळ कूळ मात्र एकच, हे मला पुष्कळ वर्षांनी एका कोशात सापडले. तेव्हा सर हयात होते. मी मुद्दाम घरी जाऊन त्यांना ते सांगितले.

त्यानंतरचे कित्येक तास त्यांनी वर जाणाऱ्या शब्दांवरच घालवले. सूर, म्हणजे माडी, काढायला माडावर चढणारा रेंदेर क्लाइंब करतो, कारण त्यात हातापायांचे कष्ट आहेत. भाव क्लाइंब झाले म्हणजे ते पायरी पायरीने चढले. नदीवर पंख न हलवता घिरट्या घालणारी घार सोअर करते, आणि त्या शब्दाच्या पोटात वारा आहे. लाटेसारखे एकदम उसळते ते सर्ज. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीतले पीठ आपण म्हणतो फुगले, इंग्रज म्हणतो राइज झाले. पूर्वी ते पीठ सूर घालून फुगवत; म्हणजे रेंदेर वर चढायचा तेव्हा कुठे पाव वर यायचा, असे सर म्हणत. अमाउंट या शब्दात डोंगर दडलेला आहे हेही त्यांच्याकडूनच कळले. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ डोंगराकडे, म्हणजे वर जाणे. रकमा एकावर एक रचत गेल्या की तयार होते ती अमाउंट.

एकदा त्यांनी फळ्यावर 'नारळ वाढवला' लिहिले आणि इंग्रजी विचारले. इन्क्रीज म्हणायला कोणाचीच जीभ वळेना. देवापुढे फोडला हा शब्द नको म्हणून आपण वाढवला म्हणतो. बांगडी फुटली तरी वाढवली म्हणतो. पानात भात घालणे म्हणजेही वाढणेच. "इंग्रजीत सरळ ब्रेक म्हणा, सर्व्ह म्हणा," ते म्हणाले, "पण आपल्या शब्दात काय आहे ते विसरू नका."

1987 च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आम्ही नववीत होतो. 30 मे रोजी गोवा घटकराज्य झाले होते, देशातले पंचविसावे. सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. गोवा हॅज रिझन टु स्टेटहुड. गोवा हॅज बीन रेज्ड टु स्टेटहुड. कोणते बरोबर? अर्धा वर्ग म्हणाला, लोकांनी मागणी लावून धरली, गोवा स्वतःच्या बळावर उठला, म्हणून पहिले. बाकीचे म्हणाले, दिल्लीत संसदेने कायदा केला तेव्हा दर्जा मिळाला, म्हणून दुसरे. घंटा झाली तरी वाद मिटला नाही. दोन्ही वाक्ये व्याकरणाने शुद्ध होती आणि सरांनी एकही पुसले नाही.

पुढे मी एका मराठी दैनिकात उपसंपादक झालो. रात्रपाळीला इंग्रजी तारा यायच्या, त्यांची मराठी बातमी करायची. पहिल्याच वर्षी हातून एक चूक घडली. दर अमुक रुपयांनी वाढला, असे इंग्रजीत होते. मी अमुक रुपयांवर गेला असे लिहिले. बाय आणि टु, दोन चिमुकले शब्द. दुसऱ्या दिवशी वाचकांचे फोन आले आणि मला खरोखर वाईट वाटले, कारण बाजारात जाणारा माणूस त्या आकड्यावर विसंबतो. टक्केवारीतही असाच खड्डा आहे. व्याजदर 8 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर गेला तर ती दोन टक्क्यांची वाढ नव्हे. ती दोन टक्केबिंदूंची वाढ आहे, आणि मूळ दराच्या हिशेबाने 25 टक्क्यांची. नव्या मुलांना मी हे कागदावर मांडून दाखवतो.

पण सर्वांत जास्त मी हाइक या शब्दापाशी थांबतो. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रे तिकिटापासून पेट्रोलपर्यंत सगळ्यांची हाइक करतात. हा शब्द मला आवडतो. दर कोणीतरी उचलला आहे हे त्यात ऐकू येते. 'भाडे वाढले' असे आपण लिहितो तेव्हा ते भरतीसारखे आपसूक चढल्यासारखे वाटते. भाडे आपसूक चढत नाही; ते कोणीतरी ठरवते, त्यावर सही करते. पगाराचेच पाहा. त्याच वाढीला इंग्लंडात राइज म्हणतात आणि अमेरिकेत रेज. आपण इन्क्रिमेंट म्हणून दोन्ही टाळतो.

आमच्या निबंधांच्या वह्यांत सर लाल शाईने समासात एकच शब्द लिहीत: हू? कर्ता जिथे लपलेला असे तिथे तो हमखास उमटायचा.

एका चवथीला मी त्यांच्याकडे गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. ओसरीवर आमचे वर्तमानपत्र पडले होते. पहिल्या पानावर माझाच मथळा, 'पाण्याचे दर वाढले'. त्याच्याखाली लाल शाईत, थरथरत्या हाताने, पण या वेळी मराठीत लिहिले होते: कोणी?

मी तो अंक घडी करून बरोबर आणला. अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.